गुरांच्या पाण्यावर

पहाटे ४.१५

जाग आली की पहिलं काम बाटल्या हलवून बघण्याचं. निजताना माझ्याजवळ अडीच लिटर पाणी होतं, रात्रीतून अर्धा लिटर गेलं. भाच्याकडेही तेवढंच उरलंय. पुढचं पाणी १६ किलोमीटरवर आहे आणि ऊन तापायच्या आत तिथे पोहोचायचंय. या मुलखात दिवसाचं वेळापत्रक पाणी ठरवतं, आपण ते पाळायचं.

चहाला पाव लिटरच वापरायचं असं रात्रीच ठरलं होतं. दुधाची पूड, साखर, सुंठ. एकाच भांड्यातून आळीपाळीने पितो. बाहेर बोटं गारठतायत आणि दुपारी याच जागी ३० अंशांच्या वर जाईल. जमीन समुद्रसपाटीपासून २,००० मीटरवर, हवा कोरडी, त्यामुळे दिवस आणि रात्रीत एवढा फरक.

आम्ही वायोमिंगमध्ये आहोत, जुलैच्या मध्यावर. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी काँटिनेंटल डिव्हाइड ट्रेल, म्हणजे सीडीटी, ही सुमारे ५,००० किलोमीटरची पायवाट. अमेरिकेच्या काँग्रेसने १९७८ साली तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा दिला. अख्खी वाट चालणारे चार-सहा महिने घरदार सोडून येतात. आमच्याकडे आठवड्याची रजा आहे, म्हणून एक तुकडा निवडला: रॉलिन्स गाव ते अटलांटिक सिटी, अंदाजे १९० किलोमीटर, पाच दिवस. ग्रेट डिव्हाइड बेसिन. चालणारे नुसतं 'बेसिन' म्हणतात, आणि बरेचजण रटाळ म्हणून ते कधी एकदा संपतंय याची वाट बघतात. झाड नाही, शिखर नाही, तळं नाही. मला मात्र याच तुकड्याची ओढ होती. माझं माहेर माणदेशातलं, आटपाडीकडचं. उघडा माळ बघितला की मला परकं वाटत नाही.

५.००

डोक्यावरचा दिवा लावून निघालो. पंधरा मिनिटांत तो विझवावा लागला, इतकं पूर्वेला फटफटलं.

वाट म्हणजे दोन चाकांच्या चाकोऱ्या. मधे गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीची सेजब्रशची राखाडी झुडपं. ही चाकोरी चालणाऱ्यांसाठी कुणी पाडलेली नाही. गुरांना मिठाचे गोळे टाकायला, पंप बघायला जाणाऱ्या पिकअप गाड्यांनी ती पडली आणि ट्रेल तिच्यावरून नेली. एका चाकोरीत मी, दुसरीत भाचा. शेजारी शेजारी चालता येतं, गप्पा मारता येतात. डोंगरातल्या अरुंद वाटेवर हे सुख नसतं.

त्याने विचारलं, "मावशी, बेसिन म्हणजे नक्की काय?" मी त्याला सह्याद्री सांगितला. महाबळेश्वरला घाटमाथ्यावर पडलेलं पाणी, थेंब पश्चिमेला ओघळला तर अरबी समुद्रात, पूर्वेला ओघळला तर कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. तशीच अमेरिकेची पाणी विभागणारी रेषा रॉकी पर्वतांच्या माथ्यावरून जाते: एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला पॅसिफिक. पण इथे, रॉलिन्सच्या आसपास, त्या एका रेषेच्या दोन रेषा होतात आणि पुढे परत जुळतात. मधे सुमारे १०,००० चौरस किलोमीटरची उथळ परात राहते. त्या परातीत पडलेलं पाणी कुठल्याच समुद्राला मिळत नाही. जमिनीत मुरतं नाहीतर उडून जातं. मागे राहतो तो क्षार.

आणि पडतं तरी किती? वर्षाकाठी २५ सेंटिमीटरच्या आतबाहेर, त्यातही बराचसा बर्फ. आमच्या पर्जन्यछायेतल्या माणदेशातसुद्धा याहून जास्त पाऊस होतो.

६.३०

चढ चढून वर आलो तर वाटेवरच गुरं. वीसेक गाई, तितकीच वासरं. काळ्या कुळकुळीत अँगस. खिल्लार बघत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना त्या अजून पुऱ्या गाई वाटत नाहीत. वाशिंड नाही, शिंगं नाहीत, सगळ्या भुंड्या, पाठ टेबलासारखी सपाट. कानात पिवळा बिल्ला, मांडीवर डाग. वायोमिंगमध्ये माणसं पावणेसहा लाखांच्या घरात आणि गुरं त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे या राज्यात बहुमत त्यांचं आहे.

भाचा थेट मधून निघाला होता, त्याला थांबवलं. गाई भुंड्या आहेत म्हणून गरीब समजायच्या नाहीत. वासरू पुढ्यात असलेली गाय ही वेगळीच असामी. तिच्या आणि वासराच्या मधे कधी जायचं नाही. लांबूनच आवाज देत राहायचं, म्हणजे ती दचकत नाही. मी माझ्या सवयीने "हो… हो… हो…" करत बोलत राहिले. त्यांना मराठी काय कळणार असं भाचा म्हणाला, पण आवाजाची पट्टी कळते. माना वर झाल्या, कान पुढे वळले. एका गाईने मान खाली घालून पुढच्या पायाने माती उकरली. तो इशारा. आम्ही चाकोरी सोडली, सेजब्रशमधून पन्नासेक मीटरचा वळसा घातला आणि पुढे परत वाटेला लागलो. वळून बघितलं तर सगळा कळप आमच्याकडे तोंड करून उभा, आणि माती उकरणारी ती गाय आपल्या वासराला चाटतेय.

वळशाने पाच मिनिटं गेली. ती खर्चायचीच असतात. कळपाला पळवलं तर वासरं भेदरतात, उन्हाच्या दिवशी उगाच धापा टाकतात, त्यांचं वजन उतरतं. आणि ते वजन म्हणजे कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न.

८.५०

पाणी.

लांबून आधी सौर पंपाचे पत्रे चमकले. जवळ गेल्यावर हौद दिसला. हौद म्हणजे खाणीतल्या अवाढव्य ट्रकचं टायर, आडवं ठेवून मधलं भोक सिमेंटने बंद केलेलं. माझ्या कमरेला लागेल एवढं उंच. एका कडेला लोखंडी पाइप, त्यातून करंगळीएवढी धार, आणि पातळी वर आली की धार बंद करणारा बॉलकॉक. पाण्यावर हिरवं शेवाळ. आतल्या कडेला जाळीची एक उतरती पट्टी पाण्यात सोडलेली. भाच्याला ती काय ते कळेना. पाणी प्यायला आलेली चिमणी किंवा खार आत पडली तर तिला चढून बाहेर येण्यासाठी ती शिडी आहे. न ठेवली तर जीव बुडतो आणि सडून अख्ख्या हौदाचं पाणी नासवतो. कुणीतरी विचार करून केलेली ही वीतभर रुंदीची गोष्ट मी बराच वेळ बघत राहिले.

हौदावर सहा-सात गाई होत्या. भाचा पुढे सरसावला. त्याची बाटली रिकामी, माझ्याकडे दोन घोट. मी म्हटलं, थांब. माहेरी आमच्या आबांचं एक सांगणं होतं: "जित्राबाच्या आधी माणसानं पाण्यावर जायाचं न्हाई." लहानपणी विहिरीवरच्या दगडी डोणीपाशी ते बैलांना पाजायचे आणि आम्ही तहानलेली पोरं उभीच. राग यायचा. त्यामागचं कारण मोठेपणी कळलं: माणूस दुसरीकडे पाणी मागू शकतो, उद्याची तजवीज करू शकतो, जित्राब आज इथे आलं ते इथल्याच भरवशावर.

वीस मिनिटं आम्ही पन्नास पावलांवर जमिनीत रुतवलेल्या चालायच्या काठ्यांना टेकून बसलो. गाई प्यायल्या. पिताना नाकपुड्या पाण्याच्या वर ठेवून ओठांनी ओढतात, मोठ्या घोटांचा आवाज इथपर्यंत येतो. पान्ह्यावरची गाय या दिवसांत रोज साठ-सत्तर लिटर पिते. सात गाई धरल्या तरी जवळजवळ पाचशे लिटर. त्यापुढे आमचे दोघांचे दहा लिटर किती?

त्या हलल्यावर आम्ही गेलो. पाणी हौदातून घ्यायचं नाही, पाइपाच्या तोंडाशी घ्यायचं. तिथे ते जमिनीतून नुकतंच वर आलेलं असतं. हात, तोंड, रुमाल यातलं काहीही हौदात बुडवायचं नाही. अंगावरचं सनस्क्रीन, साबण सगळं त्यात उतरतं. तोंड धुवायचं तर भांड्यात घेऊन लांब जायचं. मग गाळणी. तिच्या आतल्या नळ्यांची छिद्रं ०.१ मायक्रॉनची, त्यातून जीवाणू आणि जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम यांच्यासारखे परजीवी अडकतात. वासरांच्या शेणातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरतो, म्हणून या मुलखात गाळल्याशिवाय घोटभरही घ्यायचं नाही. मात्र गाळणीने क्षार जात नाहीत, शेवाळाचं विषही जात नाही. निळसर-हिरव्या सायीचं साचलेलं पाणी आणि काठाला पांढरी पापडी धरलेलं पाणी कितीही तहान लागली तरी सोडून द्यायचं. १८४० नंतरच्या दोन-तीन दशकांत याच मुलखाच्या उत्तर अंगाने पश्चिमेकडे लाखो माणसं गाड्या घेऊन गेली. त्यांचे बैल असंच खारं पाणी पिऊन वाटेत पडले.

आम्ही भरत होतो तोवर एक पिकअप आली. सत्तरीचा गृहस्थ उतरला, टोपीला हात लावला आणि पहिल्यांदा बॉलकॉक दाबून बघितला. मग आमच्याकडे वळून विचारलं ते एवढंच, की पाणी किती घेतलंत? तीन-तीन लिटर म्हटल्यावर त्याने मान हलवली. वाटेतला पुढचा हौद ११ किलोमीटरवर दाखवलाय, पण तिथला पंप परवापासून बंद आहे. सुटा भाग यायला आठवडा लागेल. तिथली गुरं इकडे यावीत म्हणून त्याने वरचं फाटक उघडं ठेवलंय. म्हणजे आम्हाला थेट डोंगराच्या पायथ्याचा झरा गाठायचा, २३ किलोमीटरवर. आम्ही मुकाट्याने पाण्याच्या पिशव्या उघडल्या आणि पाच-पाच लिटर भरलं. पाच लिटर म्हणजे पाच किलो, खांद्यावर.

त्याने आमच्याकडून काही घेतलं नाही. मी दिलेला डिंकाचा लाडू मात्र वास घेऊन, उभ्या उभ्या खाल्ला आणि बायकोसाठी एक मागून घेतला.

१०.१५

फाटक. खरंच उघडं.

इथलं फाटक म्हणजे लाकडी दरवाजा नव्हे. काटेरी तारेच्या चार ओळी दोन-तीन सुट्या काठ्यांना बांधलेल्या, टोकाची काठी खांबाच्या तारेच्या कड्यात अडकवायची. बंद करायचं तर खांबाला मिठी मारून खांद्याने काठी ओढावी लागते. आत्ता ते सगळं बाजूला जमिनीवर पसरलं होतं. भाच्याचा हात आपोआप काठीकडे गेला. शाळेत त्याला शिकवलेलं: फाटक दिसलं की लावून घ्या.

मी नको म्हटलं. फाटकाचा नियम वेगळा आहे: जसं सापडलं तसं ठेवायचं. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. आज आम्हाला कारण माहीत होतं, म्हणून सोपं गेलं. पण कारण माहीत नसेल तेव्हाच हा नियम जास्त पाळायचा. चांगुलपणाने लावलेल्या एका फाटकामुळे पलीकडची गुरं पाण्यावाचून अडकतात. तारेपाशी येऊन उभी राहतात. पाण्याचा वास येतो, पाणी दिसतं, पण जाता येत नाही. दोन दिवसांत ती मरायला टेकतात. उलट चुकून उघड्या राहिलेल्या फाटकाने कळप मिसळतात, ते वेगळे करायला घोड्यावरची माणसं दिवसच्या दिवस घालवतात. दोन्हीकडे भोगतं जनावर आणि त्याचा मालक. आपण तोवर पुढच्या गावात आंघोळ करून जेवत असतो.

ही जमीन कुणाची, असं भाच्याने विचारलं. गुरांच्या आधी इथे बायसन होते आणि शोशोनी या मूळनिवासी लोकांचा वावर होता. आज यातली पुष्कळशी जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाची आहे, आणि गुरंवाले ती चराईला भाड्याने घेतात. भाड्याचं माप ठरलेलं: एक गाय आणि तिचं वासरू महिनाभर चरतील एवढा चारा. २०१९ ते २०२५ अशी सलग सात वर्षं त्या मापाचा दर १.३५ डॉलर होता, राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ठरलेला नीचांक. हा दर फारच कमी आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि चराईने माळ उघडा पडतो हेही काही ठिकाणी डोळ्यांनी दिसतं. मी दोन्ही बघितलंय: हौदाभोवतीची तुडवून भुकटी झालेली जमीनही आणि किलोमीटरभर पुढे उभं असलेलं गवतही. पण गुरं नसती तर पंप नसता, आणि पंप नसता तर आज मी इथे चालत नसते. हे मला विसरता येत नाही.

रॉलिन्सजवळच्या जमिनीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १८६२ च्या आणि १८६४ च्या कायद्यांनी सरकारने रेल्वे कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंना ३२ किलोमीटरपर्यंत एक आड एक चौरस मैल जमीन दिली. नकाशा आजही बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो: एक घर सरकारी, एक खासगी. दोन सरकारी घरं नुसती कोपऱ्याला टेकलेली. त्या कोपऱ्यावरून पाय टाकणं हे अतिक्रमण की नाही, यावर वायोमिंगमधल्या एल्क माउंटनच्या खटल्यात मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने पाय टाकणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. चौघे शिकारी शिडी लावून कोपरा ओलांडून गेले होते, कुणाच्या जमिनीला पाय न लावता.

कुंपणाच्या पुढच्या वळणावर प्राँगहॉर्न दिसले, पाच. हरणासारखे दिसणारे, अमेरिकेतले सगळ्यात वेगवान चतुष्पाद. एवढे वेगवान असूनही तारेवरून उडी मारायला सहसा धजत नाहीत, खालून सरपटतात. म्हणून जाणते गुरंवाले सगळ्यात खालची तार बिनकाट्याची, जमिनीपासून ४० सेंटिमीटर वर बांधतात. पाचातले चार खालून गेले. पाचवा तारेच्या कडेकडेने धावत राहिला, परत आला, परत गेला. त्या टापूत खालची तार काटेरी होती. अखेर कुठूनसा तोही निसटला. तारेवर केसांचा पुंजका राहिला, पोकळ नळीसारखे ठिसूळ केस. बोटांत धरले तर मोडले.

१२.३०

सावली नाही. इथे दिसणारी सगळ्यात उंच वस्तू म्हणजे कुंपणाचा खांब, आणि त्याची सावली या वेळी त्याच्याच बुडात. छत्र्या उघडल्या. चंदेरी कापडाच्या हलक्या छत्र्या, पाठीच्या पिशवीला अडकवून चालता येतं. बसताना दोन छत्र्या सेजब्रशला टेकवल्या आणि डोकं तेवढं आत घेतलं.

जेवण: मेक्सिकन पोळी, शेंगदाण्याची चटणी, तुपाची छोटी डबी. लिंबाच्या सरबताची पूड आणि चिमूटभर जास्तीचं मीठ. नुसतं पाणी पीत राहिलं तर अंगातलं मीठ उतरतं, डोकं गरगरतं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट.

हात टेकला तिथे सेजब्रशची पानं चुरगळली आणि वास आला. मी तशीच थांबले. हा वास मला माहीत आहे. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा. दोघांचा वंश एकच, आर्टेमिसिया. दवण्याचा वास गोड, ओलसर; याचा उग्र, औषधी, पण खाली धरलेला सूर तोच. पानही हातात घेऊन बघितलं: पाचरीसारखं, टोकाला तीन दाते, त्यावर रुपेरी लव. ही लव उन्हाला परतवते आणि पानातला ओलावा धरून ठेवते. भाच्याला एक पान दिलं. तो म्हणाला, "आजीच्या देवघराचा वास." त्याने आजीचं देवघर दोनदाच पाहिलंय.

२.४०

पश्चिमेला ढग दीडच्या सुमारास दिसले होते. पांढरे, कापसाचे. दोनला त्यांचं बूड काळं झालं. आता गडगडतंय.

बेसिनमध्ये ऊन त्रास देतं, पण मारते ती वीज. कारण साधं आहे: मैलोगणती पसरलेल्या माळावर सगळ्यात उंच माणूस असतो. चमकल्यापासून गडगडेपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचे, तेवढे किलोमीटर. पहिल्यांदा २४ सेकंद आले. आठ किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की आपण टप्प्यात आलो असं धरायचं. धारेवरून उतरायला सुरुवात केली, जवळजवळ धावतच. पाच किलो पाण्यातलं अजून तीन किलो पाठीवर.

दोन गोष्टी टाळायच्या. एक, कुंपण. लांब कुठेतरी पडलेली वीज तारेतून वाहत येते, कुंपणाला टेकून उभी असलेली गुरं एका ओळीत मेलेली सापडतात. दोन, घळीचा तळ. वर पाऊस झाला तर तिथून लोंढा येतो. आम्हाला एक उथळ घळ मिळाली, तिच्या उताराच्या मध्यावर बसलो. काठ्या लांब टाकल्या. भाच्याला माझ्यापासून तीस मीटर लांब बसवलं. त्याला ते नको होतं. बारा वर्षांचा असताना तो विजेला घाबरून माझ्या पोटाशी झोपायचा. आता पंचवीस वर्षांचा आहे, तरी त्याचा चेहरा तोच झाला. मी त्याला खरं ते सांगितलं: अंतर ठेवून वीज टळत नाही. अंतर एवढ्यासाठी, की एकाला लागली तर दुसरा शुद्धीवर असावा आणि त्याने छाती दाबून रक्त फिरतं ठेवावं. पाय जुळवून, पिशवीवर उकिडवं बसायचं. एवढंच हातात असतं.

बारा सेकंद. नऊ. मग गारा, हरभऱ्याएवढ्या. त्या आवाजातून तो ओरडला, "मावशी, बरी आहेस ना?" मी हात वर केला आणि लगेच खाली घेतला. चार सेकंद. मग एकदा मोजायला वेळच मिळाला नाही. सगळं पांढरं झालं आणि आवाज छातीत शिरला. समोरच्या उतारावरच्या गाई पाठ वाऱ्याकडे करून, वासरांना मधे घेऊन, मान खाली घालून नुसत्या उभ्या होत्या.

मग सोळा सेकंद. बावीस. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जागचं हलायचं नाही असा नियम आहे. घड्याळ लावून बसलो. ढग निघून गेले, ऊन पडलं, गारा वितळल्या, तरी अर्धा तास पुरा केला.

४.१०

चिखल. ही माती ओली झाली की बुटाला थापेसारखी चिकटते, दहा पावलांत पाय दोन-दोन किलोचे. चाकोरी सोडून गवतावरून चाललो. सेजब्रशचा वास सगळीकडे. पाऊण तासात माती परत सुकली, आणि सात मिलिमीटर की आठ, जो काही पाऊस झाला होता, त्याची खूण फक्त चाकोरीतल्या चार डबक्यांत उरली.

६.४५

झरा. डोंगराच्या पायथ्याशी दगडांत पाइप बसवून पाणी पत्र्याच्या हौदात सोडलंय. थंड, क्षाराचा मागमूस नाही. भाच्याने पहिला अर्धा लिटर उभ्यानेच संपवला.

गाळणीवर दुसरी पिशवी लावली होती तेव्हा मला कुणीतरी बघतंय असं वाटलं. शे-दीडशे पावलांवर उंचवट्यावर घोडे. अकरा. मोकाट, मस्टँग. पुढे करडा नर, मागे घोड्या, दोन शिंगरं. १९७१ च्या कायद्याने अमेरिकेत सरकारी माळावरच्या या घोड्यांना संरक्षण आहे. त्यांची संख्या किती असावी आणि चारा गुरांना की घोड्यांना, यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालू आहे. त्या भांडणातलं त्यांना काही ठाऊक नाही. त्यांना पाणी हवं होतं आणि पाण्यावर आम्ही होतो.

नराने चार पावलं टाकली, फुरफुरला, थांबला. एक शिंगरू आईला ढुशा देत होतं. ते सगळे तसेच उभे. आम्ही बसून राहिलो असतो तर अंधार पडेपर्यंत उभे राहिले असते.

सकाळचं आबांचं वाक्य भाच्याला परत सांगावं लागलं नाही. त्यानेच पिशव्या गोळा केल्या. झाकणं न लावताच. आम्ही वाऱ्याच्या खालच्या अंगाने, चारशे पावलं मोजून लांब गेलो, सेजब्रशच्या आड बसलो. घोडे आले. आधी घोड्या आणि शिंगरं प्यायली. नर सगळ्यात शेवटी, पाण्याकडे पाठ करून राखण केल्यावर.

८.३०

तंबू तिथेच लावला, चारशे पावलांवर. पाण्यापासून किमान ६० मीटर लांब मुक्काम करावा असं सगळीकडे सांगतात. कोरड्या मुलखात ते मला पुरेसं वाटत नाही. मेतकूट-भात शिजवला, वर तूप. दिवस मावळायला अजून दहा मिनिटं. पश्चिमेला विंड रिव्हर पर्वतांची रांग, माथ्यावर जुलैतही बर्फ, त्याच्या कडा लाल झाल्या. नाइटहॉक पक्षी वरून सूर मारतात तेव्हा पंखांतून घुमारा निघतो. दोनदा ऐकू आला.

भाचा पायाचे फोड बघत बसला होता. म्हणाला, "उद्याही फाटकं असतील?" असतील.

९.३०

या वाटेवर कधी आलात तर एवढं करा. हौदावर जनावर असेल तर थांबा. पाणी भरलं की निघा. सावली असली, जागा सपाट असली, तरी पाण्याकाठी तंबू टाकू नका. दिवसभर माणसाला बुजलेली जनावरं पाण्यावर रात्री येतात, आणि ती आल्याचं तंबूत झोपलेल्याला कळतसुद्धा नाही, कारण ती आवाज न करता परत जातात.

आता खूर वाजतायत. गुरं आहेत, घोडे नव्हेत, पावलं जड आहेत. हौदाच्या पत्र्याला काहीतरी घासलं. मग घोट.

पुढचं पाणी २१ किलोमीटरवर. माझ्या उशाशी चार लिटर भरलेलं आहे.